कॉलिनचा मुक्काम लालबाग

लालबाग
२० जुलै

प्रिसिलाबाई, सप्रेम नमस्कार.

कॉलिन मला फुकटात पडला, असं तुम्ही तुमच्या वेनला फोनवर म्हणालात. वेनने ते मस्कतमध्ये आमच्या रुचाला सांगितलं, रुचाने आईला आणि आईने मला. म्हणून आधी खर्च ऐका. पैशांचा सोडा, टेम्पोवाल्याला जावयाने परस्पर दिले. हॉलमधलं शोकेस गेलं. त्यातला जपानी टी-सेट, ज्यातून आजवर कोणी घोटभर चहा प्यालेला नाही, तो पलंगाखाली गेला. माझी खुर्ची खिडकीपाशी होती, ती दारापाशी आली, जिथे चपला काढतात. दुपारची झोप गेली. आणि सुभद्रा सकाळी उठल्याबरोबर पहिलं विचारते, "कॉलिन उठला काय?" इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हा प्रश्न तिने एकदाही केलेला नाही.

एवढा सगळा खर्च माझ्या मधल्या बोटाएवढ्या माशापायी. तोंड तेवढं बेडकाचं.

तुमच्या सूचना सुभद्राने तोंडपाठ करून आणल्या. वाळू वीतभर खोल हवी. त्यात बारीक-मोठी खडी आणि शिंपले मिसळलेले हवेत. टाकीवर जाळी हवी, कारण दचकला तर उडी मारून जमिनीवर येतो. आणि बिळात हात घालायचा नाही, काही झालं तरी. हे शेवटचं तिने दोनदा सांगितलं, म्हणजे तुम्ही चारदा सांगितलं असणार.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मी मान्य करतो. पण लालबाग ते घोडपदेव अंतर ते किती! पातेल्यात चहा टाकून निघालो तर उकळायच्या आत तुमच्या भावाच्या दारात येईन. तरी पत्र लिहितोय, कारण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उचलत नाही. सुभद्रा दर गुरुवारी तुमच्याकडे डबा घेऊन येते, त्याच पिशवीत हे पत्र.

ते विहिरीचं तीन वर्षांपूर्वीचं, मुलांच्या लग्नातलं. मी पुन्हा सांगतो, माझा हेतू वाईट नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्या बायका बँड लावून उंबराचं पाणी भरायला विहिरीवर जातात, हे मला वेननेच सांगितलं. मी आदल्या आठवड्यात जाऊन बघितलं तर विहिरीत गाळ. पंपाच्या धंद्यातला माणूस काय करणार? माणसं लावून गाळ काढला, मोटार सोडली आणि काठावर पितळेचा नळ बसवला, कोणाला वाकायला नको. तुम्ही सासूबाईंची तांब्याची कळशी घेऊन, नऊवारी लुगडं नेसून आलात आणि नळाकडे बघत राहिलात. बँडवाले थांबले. मला वाटलं, खूश झालात!

असो. रुचा नोव्हेंबरात बाळंतपणाला माहेरी, म्हणजे इथे येणार. नातवंड बघायला तुम्हाला माझा उंबरठा ओलांडावा लागेल. सुभद्राने तुम्हाला तसं विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आधी कॉलिनला धड ठेवून दाखवू दे. मग बघते." मी हे वाक्य नीट ऐकून ठेवलंय. गिरगावच्या तुमच्या घराचं छप्पर होईपर्यंत कॉलिन माझ्याकडे आहे. तो धड राहील.

आपला,
हितेंद्र


३ ऑगस्ट

प्रिसिलाबाई,

तुमची ओळ मिळाली. "दिवे सकाळी दहाच्या आत लावू नका." लावत नाही. एका ओळीत आटपायची ही सवय तुम्हाला शाळेत शिकवताना फळ्यामुळे लागली असावी.

मी आधी म्हणायचो की लोक पैसे देऊन मासे बघत बसतात, त्यापेक्षा बाजारात जावं, तिथे फुकट दिसतात. आता ते शब्द मागे घेतो. गेले पंधरा दिवस मी टीव्ही लावलेला नाही. पहिले तीन दिवस कॉलिन एका कोपऱ्यात नुसता बसून होता, भाडेकरू खोली बघायला येतो तसा. चौथ्या दिवशी कामाला लागला. तोंडात वाळू भरतो, बाहेर येतो आणि पान खाल्लेला माणूस गॅलरीतून पिंक टाकतो तशी फुर्र करून उडवतो. दिवसभर तेच. बीळ खोल झाल्यावर दगड. मोठे खाली, लहान वर. एक शिंपला आणून दारात लावला, मागे सरून बघितला, काढला, फिरवून पुन्हा लावला. माझ्या वर्कशॉपात शिवा नावाचा फिटर आहे. त्याला मुद्दाम घरी बोलावून दाखवलं. शिवा म्हणाला, "शेठ, याला पगार किती?"

मग मला कळलं तुम्ही माशाला सख्ख्या भावाचं नाव का दिलंत. छातीपर्यंत बिळाबाहेर, डोळे वटारलेले, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. घोडपदेवला तुमचे कॉलिनभाऊ पहिल्या मजल्याच्या खिडकीत असेच दिसतात. मागे मी खालून हात केला तर तेही असेच झटकन आत गेले होते.

संध्याकाळी दिवे मंद झाले की हा एक चपटा दगड तोंडाने ओढून दारावर घेतो. आतून. असं दार लावून घेणारा मासा मी साठ वर्षांत पाहिलेला नाही. मालवणात आजोळी समुद्र दारात होता, पण तिथे मासा म्हणजे ताटातला.

मला एक विचारायचंय. तो आत गेल्यावर काय करतो? बीळ किती खोल जातं? खाली वळतं का? दोन दारं असतात का? मी टॉर्च मारून बघितला, पण पहिल्या वळणापुढे काही दिसत नाही.

श्रावण आहे, आमच्या घरात मासळी शिजत नाही. पण कॉलिनचा जवळा फ्रीजरमध्ये आहे. मी सुभद्राला म्हटलं, चालेल का? ती म्हणाली, "उपास आमचो, त्येचो नाय. त्येचा त्येका मिळाक व्हया." तेव्हा तो प्रश्न मिटला. ओला जवळा धुऊन, बोटाच्या चिमटीत, दिवसातून दोनदा.

आवाजाबद्दल तुम्ही सुभद्राकडे काळजी व्यक्त केलीत, लालबागमध्ये मासा कसा राहणार म्हणून. आवाजाचं तुम्ही माझ्यावर सोपवा. इमारतीच्या जिन्यात उभं राहून मी तळघरातल्या पंपाची बेअरिंग कधी जाणार ते सांगतो. टाकीच्या खाली मशीनच्या पायाखाली घालतात ते जाड रबर घातलंय. खाली ढोल वाजले तरी पाण्यावर तरंग उठत नाही. मी वाटीत पाणी ठेवून तपासलंय.

आपला,
हितेंद्र


२४ ऑगस्ट

प्रिसिलाबाई,

घाईत लिहितो. बुधवारी गणपती. सुभद्राने तुमच्यासाठी मालवणी मसाला ठेवलाय. गेल्या वर्षीचा तुमचा बाटली मसाला संपला, बाटली परत पाठवतोय. तुमच्यात बाटली रिकामी देत नाहीत की देतात, हे मला ठाऊक नाही. सुभद्राने खडीसाखर घातलीय.

कॉलिन ठीक. मोठ्या मूर्ती खालून गेल्या तेव्हा तो दोन दिवस जरा लवकर दार लावत होता, बाकी काही नाही. काचेला हात लावला की हातातलं जेवण घेतो, इतकी ओळख झालीय.

यंदा आमची घरची आरास साधीच. तुम्ही सुभद्राला विचारलंत म्हणून सांगतो. अगदी साधी. किल्ला आहे एक, पुठ्ठ्याचा.

आपला,
हितेंद्र


३ सप्टेंबर

प्रिसिलाबाई,

आराशीचा फोटो तुमच्यापर्यंत पोचला, हे सुभद्राच्या चेहऱ्यावरून कळलं. रुचाने तिकडून वेनला दाखवला, वेनने तुम्हाला पाठवला. या घरात माझ्याशिवाय कोणी काही लपवू शकत नाही आणि मलाही ते जमत नाही.

तर ऐका. किल्ला सिंधुदुर्ग होता. पुठ्ठ्याचा तट, त्यावर भगवा, मध्ये बाप्पा. आता सिंधुदुर्गाला समुद्र लागतो. निळा कागद लावता आला असता. पण हॉलमध्ये खराखुरा समुद्र असताना कागद लावायचा म्हणजे मूर्खपणा, असं मला वाटलं. म्हणून मखर टाकीला लागून केलं. लोक दारातून आत आले की तोंडाला हात लावत. मी कॉलिनच्या बिळावर, काचेच्या बाहेरून, पाटी चिकटवली होती: "किल्लेदार कामात आहेत. काचेवर टिचकी मारू नये." पाटी वाचता येते अशा प्रत्येक पोराने टिचकी मारली.

सोसायटीच्या आरास स्पर्धेत पहिला नंबर आला, हे जाता जाता.

जवळ्याचं असं झालं. बाप्पा हातभर अंतरावर बसलेले, आणि मी टाकीत जवळा टाकणार? हात धजेना. सुभद्रा म्हणाली, "मगे मखर थंय बांधलास कशाक?" जवळ्याचा डबा खालच्या मजल्यावर प्रितीच्या फ्रीजमध्ये गेला. तिच्याकडे गणपती नसतो. दुकानातून मी वनस्पतीच्या हिरव्या गोळ्या आणल्या, माशांच्याच असतात त्या. कॉलिनने एक तोंडात घेतली, थांबला आणि थुंकली. माझ्याकडे बघून थुंकली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तो दिसला नाही.

काल गौरी-गणपतीचं विसर्जन करून आलो, पाट ठेवला, कपडे न बदलता प्रितीकडून डबा आणला आणि जवळा टाकला. बाहेर आला नाही. आजही नाही. दारावरचा चपटा दगड तसाच आहे. पाणी तपासलं, खारटपणा बरोबर, पाण्यात विष नाही. टाकीवरची जाळी जागेवर आहे. जमिनीवर, सोफ्याखाली, शोकेस होतं तिथल्या फटीत, सगळीकडे हात घालून बघितलं. उडी मारलेली नाही. म्हणजे आहे तो वाळूतच. कसा आहे, ते माहीत नाही.

तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, बिळात हात घातलेला नाही.

हितेंद्र


७ सप्टेंबर, सकाळ

प्रिसिलाबाई,

तुमची ओळ मला मिळाली. ओळी दोन होत्या, म्हणजे राग किती ते कळलं. "उपासकाळात आम्ही चाळीस दिवस मटण सोडतो. कॉलिनची कोळंबी एक दिवस चुकलेली नाही." बरोबर आहे. पुढच्या वर्षी मखर बेडरूममध्ये.

पण आता आनंदाची बातमी ऐका.

तुम्हाला ठाऊक असेल, वर्षात एकच सकाळ अशी असते जेव्हा लालबाग गप्प असतं. विसर्जनानंतरची. आमचा सगळा आवाज रात्रीतून तुमच्या गिरगावच्या चौपाटीकडे गेलेला असतो. रस्त्यावर गुलाल आणि चपला, बाकी कोणी नाही. सुभद्रा झोपली होती. मी टाकीपुढे खुर्ची घेऊन बसलो. पंखा बंद केला, फ्रीजही बंद केला.

टक.

आधी मला वाटलं, पंपात खडा अडकला. धंद्याची सवय. पंप काढला, उघडला, स्वच्छ. परत बसवला. टक. कान काचेला लावला. टक. बोटाने चुटकी वाजवावी तसा, पण कोरडा, वाळूतून आलेला. डावीकडून, काचेपासून चार बोटं आत आणि तीन-चार बोटं खोल. कॉलिनच्या बिळाची जागा नेमकी तीच.

मी हळूच म्हटलं, "कॉलिन." टक. "बरा आहेस ना रे?" टक, टक.

बाई, मी खोटं सांगत नाही. दार लावून आत बसलाय, रागावलाय, पण ओ देतो. बहुतेक आत दगड सरकवतोय. कारण दारासमोर मी मोजून टाकलेले छोटे शंख रोज कमी होतायत. म्हणजे आतून सजावट चालू असणार. बिळाच्या तोंडाशी जवळा ठेवला तर तासाभरात गायब. जेवतोय, काम करतोय, बोलतोय. आणखी काय हवं?

लोक परळपासून भायखळ्यापर्यंत मला पंप ऐकायला बोलावतात. आता मासा ऐकायला बोलावतील! वीतभर वाळूखाली बसलेला मासा कुठे आहे आणि कसा आहे, हे नुसत्या कानाने सांगणारा दुसरा माणूस मुंबईत दाखवा, त्याला मी माझं वर्कशॉप देतो. तुमचा कॉलिन जिवंत आहे, पहिल्या बिळातच आहे आणि माझ्या हाकेला ओ देतो. रुचालाही कळवलंय.

सुभद्रा उठल्यावर तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, "माका तर वाटता कोणतरी बोटा मोडता." तिला कान नाही. गुरुवारपर्यंत मला दम नाही, हे पत्र शिवाच्या हातून पाठवतोय.

आपला,
हितेंद्र


११ सप्टेंबर

प्रिसिलाबाई,

"कॉलिन आवाज करत नाही. दिसला का, तेवढं कळवा."

दिसला नाही.

तुम्ही हे लिहिल्यापासून मला चैन नाही. मी सकाळी हाक मारतो, टक येतो. संध्याकाळी मारतो, येतो. पण दगड दारावर आहे तो आहेच. तोंड दाखवत नाही. शिवाला बोलावलं. त्याने कान लावला आणि म्हणाला, "शेठ, आवाज आहे. पण माशाचा आहे का, ते तुम्ही कशावरून म्हणता?" मी त्याला म्हटलं, तू बेअरिंगमध्ये ग्रीस भर, मला शिकवू नको.

आज दुपारी सुभद्रा बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघरातून झारा आणला. नवा, वाफवून घेतलेला. टाकीवरची जाळी काढली, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. वाळू वरवर बाजूला केली तर? नुसतं वरचं वळण? एकदा डोळ्याने दिसला की झालं. जिवंत असेल तर तसंच झाकून ठेवू. आणि मेलेला असेल तर निदान तुम्हाला खरं सांगता येईल, पाणी खराब व्हायच्या आत टाकीतली प्रवाळं वाचतील. झारा दगडापासून बोटभर अंतरावर होता.

दारात सुभद्रा. पिशवीतून भोपळा बाहेर आलेला. ती ओरडली नाही. म्हणाली, "ती बाई तुमच्यावर मासो सोडून गेली ता तुम्ही नीट ऐकतास म्हणान नाय. माझ्यावर सोडून गेली. ह्यो हात आधी बाहेर काढा."

काढला.

मग आम्ही दोघं बसलो. मी गाऱ्हाणं घातलं, आमच्यात घालतात तसं, देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. "बा देवा म्हाराजा, ह्यो गिरगावचो पाहुणो लालबागच्या घरात इलो हा..." सुभद्रा "व्हय म्हाराजा" म्हणाली. बिळातून टक आला. मला हसू आलं, तिला नाही.

तुम्हाला एक विनंती. तुम्ही या. माझ्याशी बोलू नका, पाणी पिऊ नका, खुर्चीवर बसू नका. फक्त टाकी बघा. तुम्ही पाच वर्षं सांभाळलाय त्याला. तो गेला असेल तर ते तुम्ही सांगावं, झाऱ्याने सांगू नये. मी त्या वेळी घराबाहेर जाऊ का? सांगाल तर जातो. हेही पत्र शिवाच्याच हातून.

हितेंद्र


१५ सप्टेंबर

प्रिसिलाबाई,

काल तुम्ही गेल्यावर सुभद्राने मला विचारलं, "आता पत्र कशाक लिवतास? इली होती ना ती?" मी म्हटलं, आली होती, पण माझ्याशी बोलली कुठे?

तुमच्यासारखं बोलायला मला दहा जन्म लागतील. चर्चमधला मास संपवून सरळ इथे आलात, वांद्र्याच्या जत्रेच्या पहिल्या रविवारची गाडी सोडून. दारात चपला काढल्यात. माझ्या खुर्चीशेजारीच, कारण ती तिथेच असते. मी "या" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सुभद्रा, तुझ्या नवऱ्याला सांग, ती पाटी काढ म्हणावं." पाटी अजून काचेवर होती, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुभद्रा माझ्याकडे वळून म्हणाली, "पाटी काढा म्हणता." मी सहा फुटांवर उभा.

"तुझ्या नवऱ्याला विचार, मागून बघितलं का?"

"मागून बघितलास काय, विचारता."

मागे भिंत. टाकीच्या मागच्या काचेला काळा कागद, आणि बाजूच्या काचेपाशी, टाकी आणि कपाटाच्या मध्ये, चार बोटांची फट. तिथून कोण बघणार? मी दोन महिने पुढून बघतोय. नाटक पुढून बघतात.

तुम्ही पर्स सुभद्राच्या हातात दिलीत, चष्मा काढलात, गाल भिंतीला टेकवलात आणि त्या फटीत डोळा लावून उभ्या राहिलात. चुना गालाला लागला. मी सांगायला तोंड उघडलं की आवाज डावीकडून येतो, पुढच्या बिळातून, आणि तुम्ही मागे न बघता म्हणालात, "श्श. ऐका."

तीन वर्षांत माझ्याशी थेट बोललेले तुमचे पहिले दोन शब्द. मी मोजून ठेवलेत.

टक.

"ही टिचकी," तुम्ही सुभद्राला म्हणालात, मी पुन्हा गैरहजर झालो होतो, "आमच्याकडे दोन वर्षं वाजते. टाकीतल्या दगडाबरोबर आलेली कोळंबी आहे. पेराएवढी. एक डेंगा अंगापेक्षा मोठा, तो मिटला की टक. रिकामं बीळ दिसलं की घुसते."

"रिकामं?" मी म्हणालो.

"सुभद्रा, त्याला म्हणावं इकडे येऊन बघ."

मी गाल भिंतीला लावला, तुमच्या गालाने चुना पुसला गेला होता त्याच जागी. मोठ्या दगडाच्या मागे, टाकीच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, नवं दार होतं. पुढून नाहीसे झालेले माझे सगळे शंख तिथे गोल लावलेले, मोठे खाली, लहान वर. आणि मधोमध ते बेडकाचं तोंड. डोळ्याभोवती सोनेरी कडी. माझ्याकडे बघितलं, ओळख दिली नाही. पोट बारीक झालंय, ते तुम्ही मला सांगायच्या आधी मी बघितलं. त्याने शांतपणे एक खडा उचलला आणि माझ्या दिशेने थुंकला.

मी भिंतीला तसाच चिकटून राहिलो. सुभद्रा मागून विचारत होती, "असा काय? जीव असा काय त्येच्यात?" तुम्ही तिला सांगितलंत, "आहे गं. घर बदललंय त्याने."

तुम्ही स्वतः त्याला भरवलंत. लांब काडीला कोळंबीचा तुकडा, दगडाच्या मागून. दुसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा शेपटापर्यंत दिसला. मग तुम्ही खुर्चीवर बसलात, तीच, चपलांजवळची, आणि चहा घेतलात. पलंगाखालून टी-सेट काढावा असं सुभद्राच्या मनात होतं. तुम्ही म्हणालात, "स्टीलच्या कपात दे, गरम राहतो."

मी हिंमत करून विचारलं, कोळंबीचं आधी का नाही सांगितलंत? या वेळी मध्ये सुभद्रा नव्हती, ती गॅसपाशी होती. तुम्ही कपातच बघत म्हणालात, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात." विहिरीचंही असंच झालं का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण सुभद्रा चकल्या घेऊन आली.

आता कामाचं. तुमचं छप्पर ऑक्टोबरात होतंय. पण तुम्ही सांगून गेलात की दोनदा घर बांधलेल्या माशाला तिसऱ्यांदा हलवायचं नाही, टाकी आता लालबागलाच राहील. "मी येत जाईन दर गुरुवारी. त्याला बघायला." मला बघायला नाही, हे मला कळलं. कपाट मी आज सकाळी दुसऱ्या भिंतीला सरकवलं. त्या बाजूला आता दोन माणसं उभी राहतील एवढी जागा झालीय, मागचा काळा कागद काढायचा की नाही ते मात्र गुरुवारी तुम्ही ठरवा. मी विचारतोय.

नोव्हेंबरात रुचा आली की खाट तिथेच, टाकीच्या बाजूला लागेल. तिला पुढून दिसेल ते बघू दे.

आपला,
हितेंद्र

ता. क. आज मी घरी राहिलो आणि मुद्दाम तोंड उघडलं नाही, कॉलिनला सबंध दिवसात एकही हाक मारली नाही. टक टक दिवसभर चालूच होतं.